मान ३ महिन्यांपासून दुखतेय? घरच्या घरी करायची १२ आठवड्यांची मेहनत

सकाळी उठल्यावर मान एका बाजूला वळेना, तर ती अवघडलेली मान. दोन-चार दिवस शेक घेतला, हळूहळू हलती ठेवली की बहुतेक वेळा ती आपोआप सुटते. हा लेख तिच्याबद्दल नाही. ज्यांची मान ३ महिन्यांहून जास्त काळ दुखतेय, कधी कमी कधी जास्त, पण पिच्छा सोडत नाही. ज्यांचं मलम, शेक, गोळ्या, पट्टा आणि तीन वेगवेगळ्या उशा असं सगळं करून झालंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

एवढ्या दिवसांत एक गोष्ट जवळपास प्रत्येकाकडून नकळत होते: मान जपली जाते. मागून हाक आली की मान न वळता अख्खं अंग वळतं. जड पिशवी दुसऱ्याच्या हातात जाते. खांदे सतत कानांकडे चढलेले असतात. पहिल्या आठवड्यात हे ठीक असतं, चौथ्या महिन्यात मात्र तेच दुखण्याला खतपाणी घालतं. न वापरलेले स्नायू अशक्त होतात, अशक्त स्नायू थोड्याशा कामानेही कुरकुरतात, आणि ते कुरकुरले की आपण मान आणखी जपतो. खालचा सगळा आराखडा हे चक्र उलटं फिरवण्यासाठी आहे.

घरी सुरुवात करण्याआधी

जुनाट मानदुखीपैकी बहुतांश दुखणी धोक्याची नसतात. पण जी थोडी असतात ती ओळखता आली पाहिजेत, म्हणून हा भाग वगळू नका.

यातलं काहीही असेल तर व्यायाम, शेक, वाट बघणं सगळं बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा. पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेली मानदुखी. ताप, उलट्या आणि हनुवटी छातीला टेकवताच येऊ नये इतकी ताठर मान. आजवर कधीच झाली नव्हती अशी, अचानक उठलेली मानदुखी किंवा डोकेदुखी. तिच्यासोबत दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं, चेहरा एका बाजूला ओढला जाणं किंवा तोल जाणं असेल तर मेंदूकडे रक्त नेणाऱ्या वाहिनीच्या भिंतीला चीर गेलेली असू शकते. छातीत दडपण, धाप, घाम आणि मानेपासून जबड्यात किंवा हातात जाणारी कळ ही हृदयाची तक्रार असू शकते. लघवी किंवा शौचावरचा ताबा अचानक सुटणं हीसुद्धा तातडीचीच बाब.

दुसरा गट चोरपावलांनी येतो, म्हणून मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळायला लागली, अक्षर बिघडलं, हातातून वस्तू निसटतात, चालताना पाय जड किंवा ताठ वाटतात, सपाट जमिनीवरही ठेच लागते. हे मज्जारज्जूवर दाब येत असल्याचं लक्षण असू शकतं. गंमत म्हणजे अशा वेळी मान फारशी दुखतही नसते, त्यामुळे 'वय झालं' म्हणून सोडून दिलं जातं. तसं करू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. पूर्वी कर्करोग झालेला असणं, कारण नसताना वजन घटणं, कोणत्याही स्थितीत न शमणारं रात्रीचं दुखणं, दीर्घकाळ स्टिरॉइड घेत असणं, हाडं ठिसूळ असल्याचं निदान किंवा रुमेटॉइड आर्थ्रायटिस (सांध्यांना सूज आणणारा आजार) असेल, तरीही आधी तपासणी आणि मग व्यायाम.

मान दुखतेय आणि सोबत हातात कळ किंवा मुंग्या येत असतील तर बहुधा मानेतून निघणारी एखादी नस चिडलेली असते. सहाव्या नसेची कळ अंगठ्याकडे जाते, सातवीची मधल्या बोटाकडे, आठवीची करंगळीकडे. हात उचलून डोक्यावर ठेवला की अनेकांना बरं वाटतं. ही साधी गोष्ट रात्री झोपताना उपयोगी पडते. अशी बहुतेक दुखणी काही आठवड्यांत ते काही महिन्यांत शांत होतात. हातातली ताकद मात्र कमी होत चालली असेल, पेला धरता येत नसेल, तर थांबू नका.

डॉक्टरांकडे काय सांगायचं, काय विचारायचं

'मान दुखते' एवढंच सांगितलं की 'गोळ्या घ्या, आराम करा' एवढंच उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. त्याऐवजी तीन गोष्टी सांगा: दुखणं कधीपासून आहे, दिवसात कधी वाढतं, आणि त्यामुळे कोणती कामं अडतात. शेवटची गोष्ट सगळ्यात कामाची. मग विचारा: धोक्याचं काही वाटतंय का? नसेल तर मला कोणत्या हालचालींना मोकळीक आहे? मी व्यायाम सुरू केला तर किती आठवड्यांनी परत यायचं?

आता रिपोर्टबद्दल. 'मणक्यात झीज', 'गादी सरकलीय', 'स्पॉन्डिलोसिस' हे शब्द कागदावर वाचले की माणूस मान हलवायचीही भीती बाळगतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात, मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढले होते. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांमध्ये मणक्यांमधली चकती, म्हणजे गादी, फुगलेली दिसली. विशीतल्या तरुणांमध्येसुद्धा हे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे रिपोर्टमधली झीज केसांच्या पिकण्यासारखी समजा: दिसते खरी, पण दुखण्याचं कारण तीच असेल असं नाही. वरची धोक्याची लक्षणं नसतील तर एक्स-रे किंवा एमआरआय काढण्याचा आग्रह आपणहून धरू नये. डॉक्टरांनी सुचवलाच, तर 'यात काही सापडलं तर उपचार बदलणार आहेत का?' असं नम्रपणे विचारायला हरकत नाही.

मोजायचं काय?

दुखण्याची रोजची डायरी ठेवू नका. दर तासाला 'आता किती दुखतंय?' असं मनाला विचारत राहिलं की लक्ष तिथेच खिळतं. त्याऐवजी एका कागदावर मानेमुळे अडणारी तीनच कामं लिहा. उदाहरणार्थ: गाडी मागे घेताना मान वळवणं, अर्धा तास सलग वाचणं, लहान मुलाला उचलून घेणं. प्रत्येकापुढे ० ते १० मध्ये आकडा टाका. ० म्हणजे अजिबात जमत नाही, १० म्हणजे दुखण्याआधी जसं जमायचं तसं. तारीख घाला आणि कागद घडी करून ठेवून द्या. दर दोन आठवड्यांनी पुन्हा आकडे टाकायचे. एखादा आकडा २ ने वाढला तर ती खरी सुधारणा धरा. दुखणं कमी व्हायच्या आधी कामं जमू लागतात, असा क्रम बऱ्याचदा असतो. कागद नसेल तर ही सुधारणा लक्षातच येत नाही.

व्यायामात दुखलं तर? आधी हा नियम

बहुतेकांचा व्यायाम सुटतो तो याच प्रश्नावर. नियम सोपा आहे. व्यायाम करताना दुखणं १० पैकी ४ पर्यंत गेलं तरी चालेल, पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत ते नेहमीच्या पातळीवर परत यायला हवं. आलं, तर मात्रा बरोबर आहे. नाही आलं, तर व्यायाम सोडायचा नाही, निम्मा करायचा. चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, हातात नव्याने उतरणारी कळ किंवा बधिरपणा आला तर तो व्यायाम थांबवा आणि डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टशी बोला.

आठवडा १ आणि २: मान हलती करणं

या पंधरा दिवसांत ताकदीचा विचार नको. खुर्चीत बसा, पाय जमिनीवर टेकलेले. सावकाश मान डावीकडे वळवा, जिथे ताण जाणवेल तिथे दोन सेकंद थांबा, परत मध्ये या, मग उजवीकडे. तसंच कान खांद्याकडे नेणं, हनुवटी छातीकडे नेणं आणि वर छताकडे बघणं. वर बघताना चक्कर येत असेल तर तेवढं वगळा. प्रत्येक दिशेला ५ वेळा, दिवसातून ३ ते ४ वेळा. एका बैठकीला तीन मिनिटंही लागत नाहीत. मान गोल-गोल फिरवण्याची गरज नाही. हाताने डोकं ओढून ताण देण्याचीही नाही.

सोबत चालणं सुरू करा. आज जेवढं सहज जमतं तेवढंच, मग १० मिनिटं असोत की ३०. हात मोकळे सोडून, जरा झपझप. सलग चालण्याने झोप सुधारते, आणि झोप सुधारली की दुखणं सोसण्याची शक्ती वाढते.

आठवडा ३ ते ६: आतले स्नायू जागे करणं

मानेच्या पुढच्या बाजूला, अगदी मणक्यांना चिकटून लांबट स्नायू असतात. ५ किलोच्या आसपास वजनाचं डोकं ७ मणक्यांवर तोलून धरण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. जुनाट दुखण्यात हे आतले स्नायू सुस्तावतात आणि बाहेरचे मोठे स्नायू त्यांचं काम ओढत बसतात. संध्याकाळी मान दगडासारखी लागते, त्यामागे हेही एक कारण असतं.

त्यांच्यासाठीचा व्यायाम दिसायला क्षुल्लक आहे, म्हणून लोक तो चुकीचा करतात. नीट वाचा. पाठीवर झोपा, गुडघे वाकवलेले, डोक्याखाली घडी घातलेला पातळ टॉवेल. आता 'हो' म्हणताना मान जशी इवलीशी हलते, तेवढीच हनुवटी गळ्याकडे न्या. डोकं उचलायचं नाही. डोक्याची मागची बाजू टॉवेलवरून जरासं वर सरकल्यासारखं वाटलं पाहिजे. दोन बोटं गळ्याच्या पुढे, कानामागून छातीच्या हाडाकडे येणाऱ्या दोरीसारख्या स्नायूवर ठेवा. तो कडक झाला तर जोर जास्त लागतोय. जबडा सैल, श्वास चालू. ५ सेकंद धरा, सोडा, १० वेळा. दोन-तीन आठवड्यांत १० सेकंदांवर जा. १० सेकंदांचे १० फेरे सहज होऊ लागले की त्याच स्थितीत डोकं टॉवेलपासून बोटभर उचलून ३ सेकंद धरायला सुरुवात करा.

दुसरा व्यायाम हाताला रेटा देण्याचा. तळहात कपाळावर ठेवा आणि डोक्याने हात ढकला, पण डोकं जागचं हलू देऊ नका. जोर तुमच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शाएवढा. ५ ते १० सेकंद. मग हात डोक्यामागे, मग एकेका बाजूला. प्रत्येक दिशेला ५ वेळा. आठवडे जातील तसा जोर अर्ध्यापर्यंत वाढवा. दम रोखून धरायचा नाही; रक्तदाब असणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

हे दोन्ही दिवसातून एकदा, आठवड्यातून ५ दिवस.

आठवडा ७ ते १२: खांदे आणि पाठ

इथे पोचल्यावर बऱ्याच जणांना वाटतं की आता बरं वाटतंय, बास झालं. पण अर्ध्यावर सोडलं तर दुखणं सहसा फिरून येतं. फिनलंडमध्ये मानदुखी असलेल्या १८० कार्यालयीन कर्मचारी स्त्रियांवर वर्षभर चाललेल्या एका चाचणीचा निष्कर्ष २००३ मध्ये आला: ज्यांनी मानेची ताकद किंवा जास्त वेळ टिकण्याची क्षमता वाढवणारा व्यायाम केला त्यांचं दुखणं, फक्त ताण देण्याचे व्यायाम आणि चालण्या-पळण्याचा सल्ला मिळालेल्या गटापेक्षा स्पष्टपणे जास्त कमी झालं. मान नुसती ताणून भागत नाही.

तीन व्यायाम पुरेत. रबरी व्यायामपट्टी घ्या किंवा पाण्याने भरलेल्या बाटल्या. लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे साधारण १ किलो.

एक, हात बाजूला उचलणं. दोन्ही हात शरीराच्या बाजूला पण किंचित पुढे ठेवून खांद्याच्या उंचीपर्यंत उचला, सावकाश खाली आणा. दोन, खांदे उडवणं. वजन हातात धरून खांदे कानांकडे न्या, एक सेकंद थांबा आणि पूर्ण खाली सोडा. अनेकांचे खांदे दिवसभर अर्धवट वरच असतात. ते 'खाली' म्हणजे नेमकं कुठे, हे या व्यायामातून कळतं. तीन, मागे ओढणं. पट्टी एखाद्या पक्क्या खांबाला अडकवून कोपरं मागे ओढा, पाठीवरची दोन्ही पाती एकमेकांकडे येतील अशी. प्रत्येकाचे १० ते १५ चे दोन फेरे, आठवड्यातून ३ दिवस. सलग दोन वेळा १५ चा फेरा आरामात झाला की वजन थोडं वाढवा. मानेचे आधीचे दोन व्यायाम याच ३ दिवसांत चालू ठेवा.

वेळच नाही असं म्हणणाऱ्यांसाठी एक माहिती. डेन्मार्कमध्ये १९८ जणांवर झालेल्या, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाने रबरी पट्टीने हात बाजूला उचलण्याचा व्यायाम दिवसाला फक्त २ मिनिटं केला, दुसऱ्याने १२ मिनिटं. आठवड्यातून ५ दिवस, १० आठवडे. दोन्ही गटांची मानदुखी व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा कमी झाली. तेव्हा ज्या दिवशी काहीच जमणार नाही त्या दिवशी ती २ मिनिटं करा.

बसणं, स्क्रीन, उशी

मोबाइलकडे खाली बघताना मानेवर २७ किलोचा भार पडतो, असं चित्र तुमच्याकडेही कुणीतरी पाठवलं असेल. तो आकडा २०१४ मध्ये संगणकावरच्या प्रतिकृतीतून, मान ६० अंश वाकलेली धरून काढलेला आहे. खऱ्या माणसांची मानदुखी त्यात मोजलेली नव्हती. मान वाकणं हा तिचा धर्मच आहे. दोन तास एकाच जागी वाकलेली राहणं हा त्रास. म्हणून आदर्श बैठक शोधण्यात पैसे आणि डोकं घालवण्यापेक्षा दर अर्ध्या तासाला जागेवरून उठा. फोन उभ्याने घ्या. लॅपटॉपवर रोज तासन्‌तास काम असेल तर स्क्रीन उंचावर आणि कीबोर्ड वेगळा, एवढा एक खर्च मात्र सार्थकी लागतो.

चष्म्याकडे फारसं कुणी बघत नाही. दुहेरी किंवा प्रोग्रेसिव्ह काच असेल तर स्क्रीन वाचायला माणूस नकळत हनुवटी वर करून बसतो. तुम्हीही तसं करत असाल तर स्क्रीन खाली घ्या किंवा संगणकासाठी वेगळा चष्मा विचारा.

उशी: कुशीवर झोपताना खांदा आणि डोकं यातली पोकळी भरेल एवढी जाड, पाठीवर झोपत असाल तर त्याहून पातळ. पालथं झोपलं की मान तासन्‌तास एका बाजूला पिळलेली राहते, ती सवय बदलता आली तर बघा.

गोळ्या, पट्टा, मसाज

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत तुलनेने नव्या, २ ते १२ आठवड्यांच्या मानदुखीच्या २७२ रुग्णांचे तीन गट केले होते: औषधं, मणक्यांवर हाताने करायचे उपचार, आणि घरचा व्यायाम. घरच्या व्यायामाच्या गटाला शिकवण्यासाठी दोनच बैठका मिळाल्या. २६ आठवड्यांनंतर तो गट हाताने उपचार घेतलेल्यांच्या बरोबरीला होता आणि औषधांच्या गटाच्या पुढे.

याचा अर्थ गोळी घेऊच नये असा नाही. दुखण्यामुळे व्यायामच करता येत नसेल तर काही दिवसांपुरती गोळी किंवा दाहशामक मलम मदत करतं. पॅरासिटामॉल प्रौढांनी दिवसात ४ ग्रॅमच्या वर कधीच घेऊ नये; यकृताचा त्रास किंवा कमी वजन असेल तर मर्यादा आणखी खाली. सर्दीच्या गोळ्यांतही तेच असतं, ते धरून बेरीज करा. आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या अल्सर, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं किंवा गरोदरपण असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. अफूजन्य वेदनाशामकांचा मोह टाळा. ऑस्ट्रेलियात नव्या पाठदुखी-मानदुखीच्या ३४७ रुग्णांवर झालेल्या २०२३ च्या चाचणीत ती नकली गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत.

मसाज आणि शेक यांनी बरं वाटत असेल तर जरूर घ्या, शेक १५-२० मिनिटं. फक्त त्यानंतर मिळणारा मोकळेपणाचा तास-दोन तास व्यायामाला वापरा. मानेचा पट्टा जुनाट दुखण्यात वापरू नये. स्नायूंचं उरलंसुरलं कामही तो काढून घेतो.

दुखणं उसळलं तर

उसळणारच. प्रवास, जागरण, घरातली काळजी, कामाचा ताण, किंवा बरं वाटतंय म्हणून एका दिवसात उरकलेली आठवड्याची साफसफाई, काहीही निमित्त पुरतं. त्यातलं शेवटचं तर नेहमीचंच: चांगल्या दिवशी झपाटून काम, मग तीन दिवस आडवं. कामाचा वेळ घड्याळाने ठरवा. २० मिनिटं जमतात तर १५ ला थांबा, जरी आणखी जमेल असं वाटलं तरी.

उसळीच्या वेळी डोकं शांत नसतं, म्हणून काय करायचं ते आत्ताच तीन कामांच्या कागदाच्या मागे लिहून ठेवा. पहिले दोन दिवस: ताकदीचे व्यायाम बंद, पहिल्या पंधरवड्यातल्या हालचाली चालू, चालणं निम्मं, शेक, लागली तर ठरलेली गोळी. तिसऱ्या दिवशी व्यायाम अर्ध्या मात्रेने. आठवड्याभरात पूर्ववत. आधी धोक्याची लक्षणं एकदा तपासून घ्या. त्यातलं काही नसेल तर उसळी म्हणजे नवी इजा झाली असं समजू नका. ताणलेलं मन आणि अपुरी झोप मज्जासंस्थेला इतकं संवेदनशील करतात की तेवढ्याच हालचालीला ती मोठ्याने ओरडते. झोपच लागत नसेल किंवा मन सतत खचलेलं असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. त्यावर उपचार घेणं हा मानेवरचाच उपचार आहे.

सहाव्या आणि बाराव्या आठवड्याला

सहा आठवडे मनापासून करूनही तिन्ही आकडे जागचे हलले नसतील तर फिजिओथेरपिस्टसमोर एकदा सगळे व्यायाम करून दाखवा. चूक बहुतेक वेळा मात्रेत किंवा हनुवटीच्या व्यायामात सापडते. बाराव्या आठवड्यालाही फरक नसेल तर कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जा.

आकडे वाढले असतील तर ताकदीचे व्यायाम आठवड्यातून २ दिवसांवर आणा आणि तिथेच ठेवा. मध्ये दोन-तीन आठवडे खंड पडला तर जिथे सोडलं होतं तिथून उचलू नका. वजन निम्मं करून सुरू करा आणि पंधरा दिवसांत परत चढा.